ब्रूटसच्या खिडकींतलें पत्र : ‘ज्यूलियस सीझर’ नाटकांतील मित्रनिष्ठा व लोकहित

जुनीं दप्तरें, ताम्रपट व पोथ्या यांना वाहिलेल्या या त्रैमासिकांत एका इंग्रजी नाटकाचा विचार आलेला पाहून कांहीं वाचकांस विस्मय वाटेल. नाटकाचें मर्म पाहणें हा एक व्यवसाय व कागद पारखणें हा दुसरा, असें मानण्याचा आपला प्रघात आहे. आणि तो सामान्यतः योग्यहि आहे. परंतु शेक्सपिअरच्या ‘ज्यूलियस सीझर’ या शोकान्त नाटकाचा मुख्य सांधा जेथें आहे, तें स्थळ रंगभूमीचें जितकें तितकेंच दप्तरखान्याचेंहि आहे, असें आमचें मत दीर्घ मननानंतर बनलें आहे. तें सप्रमाण मांडावें व अधिकारी वाचकांनीं तें पारखून घ्यावें, एवढाच या लेखाचा हेतु.

या नाटकाविषयींची रूढ समजूत अशी कीं, ब्रूटसच्या अंतःकरणांत दोन कर्तव्यांचा झगडा आहे. एका बाजूस सीझरचा स्नेह, दुसऱ्या बाजूस रोमचें हित. तागडी लोकहिताकडे झुकते, आणि ब्रूटस आपल्या मित्राच्या छातींत खंजीर खुपसतो. आम्हीं तीसांहून अधिक वर्षें वर्गांत हाच अर्थ सांगितला, आणि विद्यार्थ्यांनीं तो सुंदर भाषेंत लिहून दिला म्हणजे त्यांस भरपूर गुणहि दिले. हा अर्थ खोटा नाहीं, पण अपुरा आहे. लोकहिताच्या पारड्यांत ब्रूटसनें जें वजन टाकलें तें कोठून आलें, हा प्रश्न तो विचारीत नाहीं. आमचें म्हणणें असें कीं, तें वजन म्हणजे एक कागद आहे. तो कागद बनावट आहे. शिवाय तो त्रुटित आहे. ती त्रुटि ब्रूटसनें आपल्या हातानें भरून काढली आहे. आणि हें सर्व कवीनें आपल्या मूळ आधारास सोडून, बुद्ध्या घडवून आणिलें आहे.

प्रथम संहितेविषयीं दोन शब्द. हें नाटक इ. स. १५९९ च्या सुमारास रचलें गेलें. त्या वर्षीं २१ सप्टेंबर रोजीं थॉमस प्लॅटर नांवाच्या स्विस प्रवाशानें लंडनमध्यें थेम्स नदीपलीकडील गवती छपराच्या नाटकगृहांत सीझरविषयक नाटक पाहिल्याची नोंद करून ठेविली आहे. ती बहुधा याच नाटकाची. कवीच्या हातची प्रत उपलब्ध नाहीं, आणि त्याच्या हयातींत हें नाटक छापलेंहि गेलें नाहीं. तो इ. स. १६१६ मध्यें वारला; १६२३ मध्यें त्याच्या नाटकांचा जो मोठा संग्रह निघाला, त्यांतील पाठ हाच या नाटकाचा एकमेव मूळ आधार होय. कथानकाचा आधार मात्र सुदैवानें निश्चित आहे. ग्रीक चरित्रकार प्लूटार्क यानें लिहिलेलीं सीझर, ब्रूटस व अँटनी यांचीं चरित्रें जाक आम्यो याच्या फ्रेंच भाषांतरावरून टॉमस नॉर्थ यानें १५७९ मध्यें इंग्रजींत उतरविलीं, तीं कवीच्या पुढ्यांत होतीं. म्हणजे त्यानें काय घेतलें, काय टाकलें व काय बदललें, हें ओळीस ओळ लावून ताडतां येतें. मूळ व नक्कल शेजारीं ठेवून वाचण्याची ज्यांस संवय आहे, त्यांस याहून सोयीचें प्रकरण क्वचितच मिळेल.

आतां टाकलेल्या गोष्टी पाहूं. प्लूटार्कच्या चरित्रांत ब्रूटसच्या दोन्ही निष्ठांचा हिशेब अगदीं स्पष्ट आहे. ब्रूटसच्या बापास पाँपीनें ठार करविलें होतें. असें असतांहि सीझर व पाँपी यांच्यांत यादवी जुंपली तेव्हां ब्रूटस बापाच्या मारेकऱ्याच्या पक्षास मिळाला. कारण तो पक्ष त्यास अधिक न्यायाचा वाटला. पुढें इ. स. पू. ४८ मध्यें फार्सेलसच्या लढाईंत पाँपीचा मोड झाला. त्या लढाईंत ब्रूटसच्या जिवास अपाय करूं नये अशी ताकीद सीझरनें आपल्या सरदारांस देऊन ठेविली होती. त्यानें ब्रूटसला क्षमा केली, जवळ केलें, उत्तर इटलींतील गॉल प्रांताचा कारभार सांगितला, आणि इ. स. पू. ४४ मध्यें प्रेटर म्हणजे न्यायाधिकाऱ्याची जागा दिली. एका बाजूस लोकहितासाठीं पितृवैरहि गिळणारा पुरुष, दुसऱ्या बाजूस प्राणदानाचें ऋण : निष्ठा आणि लोकहित यांचा झगडा रंगवावयाचा तर याहून चांगली सामग्री कोणती? शेक्सपिअरनें या दोन्ही गोष्टींचा नाटकांत उल्लेखहि केला नाहीं. ग्रंथ त्याच्या समोर उघडा होता. तेव्हां नजरचुकीनें त्या राहिल्या असें म्हणवत नाहीं. दोन्ही पारडीं त्यानें मोकळीं करून ठेविलीं, आणि मग एका पारड्यांत आपल्या पदरचें एक वजन टाकलें.

तें वजन म्हणजे खिडकींतलें पत्र. प्लूटार्कच्या वर्णनांत चिठ्ठ्या आहेत. परंतु त्या रोमच्या नागरिकांच्या आहेत. ब्रूटसचा पूर्वज ल्यूशिअस ज्यूनिअस ब्रूटस यानें टार्क्विन राजास हांकून देऊन लोकसत्ता स्थापिली अशी परंपरागत कथा. त्या पूर्वजाच्या पुतळ्यावर लोक रात्रीं त्याच्या अभावाची हळहळ लिहून ठेवीत, आणि वंशजाच्या न्यायासनावर त्याच्या झोंपेचा धिक्कार. प्लूटार्कचा कॅशिअस या चिठ्ठ्यांचा हवाला देऊन ब्रूटसचें मन वळवितो, पण त्या त्यानें लिहिलेल्या नाहींत. नाटकांत मात्र पहिल्या अंकांतच कॅशिअस एकटा असतां प्रेक्षकांस उघड सांगतो कीं, निरनिराळ्या नागरिकांकडून आल्याप्रमाणें भासतील अशीं पत्रें निरनिराळ्या वळणांच्या अक्षरांत आपण ब्रूटसच्या खिडकींतून आंत टाकणार. पुढच्याच प्रवेशांत तो सिन्नाच्या हातीं कागद देतो : एक न्यायासनावर ठेवण्यासाठीं, एक खिडकींतून टाकण्यासाठीं, आणि एक जुन्या ब्रूटसच्या पुतळ्यास मेणानें डकविण्यासाठीं. स्थळें तींच, हेतु तोच. बदललें तें एकच, लिहिणारा हात. मुळांत जो लोकांचा आवाज होता तो नाटकांत एका असंतुष्ट सरदाराचें कारस्थान झाला. ज्यांस बनावट सनदांचा अनुभव आहे, त्यांस या एका फरकाचें मोल वेगळें सांगावयास नको.

आतां तें पत्र ब्रूटस कसें वाचतो तें पाहावें. दुसऱ्या अंकाच्या आरंभीं, मध्यरात्र उलटून गेल्यावर, ल्यूशिअस नांवाचा पोऱ्या चकमक शोधतांना खिडकींत सांपडलेला मोहोरबंद कागद आणून देतो. ब्रूटस पोऱ्यास पहिला प्रश्न करतो तो तिथीविषयीं, आणि पंचांग पाहून येण्यास त्याला पिटाळतो. (१६२३ च्या छापांत येथें मार्चची पहिली तारीख पडली आहे, थिओबाल्ड या अठराव्या शतकांतील संपादकानें ती दुरुस्त करून महिन्याचा मध्य म्हणजे सीझरच्या वधाचा दिवस केला, आणि तोच पाठ आतां बहुतेक स्वीकारतात.) तिथि पडताळून घेणारा हा सावध पुरुष पत्राविषयीं मात्र एकहि प्रश्न विचारीत नाहीं. कोणीं टाकलें, अक्षर कोणाचें, मोहोर कोणाची, यांपैकीं कांहींहि नाहीं. दिवा दुसऱ्या दालनांत आहे. तेव्हां आकाशांतून सरसरत जाणाऱ्या उल्कांच्या उजेडांतच तो पत्र फोडून वाचूं लागतो. असल्या उजेडांत वाचलेल्या कागदाचें वाचन आपल्यापैकीं कोणीहि प्रमाण मानणार नाहीं.

पत्रांत आहे तरी काय? झोंपेंतून जागें होण्याची हांक आहे, रोमचें नांव आहे, आणि पुढें वाक्य तुटलेलें आहे. बोलावें, प्रहार करावा, दाद लावून द्यावी अशा आज्ञा आहेत. पण कोणावर प्रहार व कशाची दाद, हें लिहिलेलें नाहीं. सीझरचें नांव पत्रांत नाहीं. लिहिणाऱ्याचेंहि नाहीं. कॅशिअसचें चातुर्य येथें आहे. त्यानें पूर्ण मजकूर लिहिला असता तर ब्रूटसनें तो तपासला असता. त्यानें गाळलेली जागा ठेविली, आणि गाळलेली जागा भरण्याचा मोह विद्वानासच अधिक होतो. ब्रूटस स्वतःशींच म्हणतो कीं, हें आपण जुळवून पुरें केलें पाहिजे. आणि लगेच रोमनें एका मनुष्याच्या धाकाखालीं राहावें काय, असा अर्थ त्या तुटक्या ओळींत घालतो. मग त्याला पूर्वज आठवतो, टार्क्विन आठवतो, आणि तो रोमला वचन देऊन मोकळा होतो. ज्या रोमला तो वचन देतो तें रोम त्या कागदांत नव्हतें. तें त्यानें स्वतः तेथें लिहिलें.

त्रुटित स्थळीं वाचक काय भरतो यावरून वाचक कळतो. ब्रूटसनें भरलें तें कुळाचें नांव. लोकहित म्हणून ज्याचा गौरव होतो त्याचा गाभा येथें कुलाभिमान आहे, म्हणजे तीहि एक निष्ठाच आहे. मित्राहून जुनी व अधिक हट्टी. या बाबतींत इतिहासाचा अस्सल पुरावाहि कवीच्या बाजूस उभा राहतो, आणि तो नाणकशास्त्राच्या अभ्यासकांस परिचित आहे. इ. स. पू. ५४ मध्यें, म्हणजे सीझरवधापूर्वीं दहा वर्षें, ब्रूटस टांकसाळीचा अधिकारी असतांना त्यानें पाडलेल्या चांदीच्या नाण्यावर एका बाजूस स्वातंत्र्यदेवतेचें मुख असून दुसऱ्या बाजूस तोच पूर्वज आपल्या दंडधारी सेवकांसह चालत आहे. वधानंतर इ. स. पू. ४३-४२ मध्यें त्यानें पाडलेलें नाणें तर प्रसिद्धच आहे : मागच्या बाजूस दोन खंजीर, त्यांच्या मध्यें मुक्त झालेल्या गुलामाची टोपी, आणि खालीं त्या दिवसाचें नांव. परंतु पुढच्या बाजूस कोणाचें मुख आहे? खुद्द ब्रूटसचें. जिवंत पुरुषाचें मुख रोमच्या नाण्यावर घालण्याचा पायंडा सीझरनेंच इ. स. पू. ४४ मध्यें पाडला होता. हीं नाणीं कवीनें पाहिलीं होतीं असा आमचा दावा नाहीं. त्यानें जें स्वभावज्ञानानें ओळखलें, त्यास धातूची साक्ष मिळते, एवढेंच आम्ही म्हणतों.

येथें पूर्वपक्ष असा निघेल कीं, पत्र हातीं येण्याच्या आधींच ब्रूटसचा निश्चय झालेला आहे. मग पत्रास एवढें महत्त्व कां? आक्षेपांत तथ्य आहे. त्याच प्रवेशाच्या आरंभीं ब्रूटस एकटाच येरझारा घालतांना सीझरचा मृत्यु हाच उपाय असें बोलून चुकतो. परंतु त्या स्वगताची तर्कपद्धति बारकाईनें पाहावी. सीझरशीं आपलें खाजगी वैर नाहीं, हें तो कबूल करतो. सीझरच्या विकारांनीं त्याच्या विवेकावर आजवर मात केल्याचें आपणांस ठाऊक नाहीं, हेंहि कबूल करतो. सीझर आज जो आहे त्यावरून आरोप उभा राहत नाहीं. म्हणून तो उद्यां जो होईल त्यावरून उभा करावा, आणि सापाचें अंडें समजून कवचांतच ठेंचावें, असें तो ठरवितो. म्हणजे सिद्धान्त आधीं ठरला, आणि पुरावा नाहीं हें ठरविणारा स्वतः जाणून आहे. अशा क्षणीं खिडकींतून पुरावा येतो. त्यापूर्वींहि अशीं पत्रें टाकलेलीं आपण वेंचलीं आहेत, असें तो सांगतो. पत्रानें निश्चय उत्पन्न केला नाहीं हें खरें. पण जो निश्चय एका मनुष्याचा होता तो पत्रानें सबंध नगराचा करून दिला. मित्राला मारणें आपल्या तर्कावर ब्रूटसला जड गेलें असतें; रोमच्या आज्ञेवर तें हलकें झालें.

अस्सल पुरावा मुळींच नव्हता असेंहि नाहीं. लूपरकल सणाच्या दिवशीं अँटनीनें तीनदां मुकुट पुढें केला, सीझरनें तीनदां तो नाकारला, आणि दर नकारास लोकांनीं जयघोष केला, असें कास्का ब्रूटसच्या समक्ष सांगतो. लोकांस राजा नको होता, याचा हा प्रत्यक्षदर्शी साक्षीदार. पण या साक्षीवरून निष्पन्न होतें तें इतकेंच कीं, सीझरनें मुकुट घेऊं नये. सीझरच नको, असें त्यांतून निघत नाहीं. या दोहोंमधलें अंतर बनावट पत्रांनीं भरून काढलें.

संस्कृत नाटकांशीं ज्यांचा परिचय आहे त्यांस येथें ‘मुद्राराक्षसा’चें स्मरण झाल्यावांचून राहणार नाहीं. काशिनाथ त्रिंबक तेलंग यांनीं ढुंढिराजाच्या टीकेसह तें नाटक १८८४ मध्यें मुंबई संस्कृत ग्रंथमालेंत संपादिलें. त्यांतहि स्वामिनिष्ठा व राज्यहित यांचा सामना आहे, आणि त्यांतहि कथानकाची कळ एका बनावट पत्रांत आहे. चाणक्याच्या हातीं राक्षसाची मुद्रा दैवयोगानें लागते. आपलें अक्षर सुवाच्य येणार नाहीं अशा सबबीवर तो शकटदासाच्या हातून मजकूर लिहवून घेतो, आणि वर राक्षसाची खरी मुद्रा उठवितो. पांचव्या अंकांत तें पत्र मलयकेतूपुढें येतें तेव्हां तेथें रीतसर छाननी होते. शकटदासाचें दुसरें लिखित आणवून अक्षरास अक्षर ताडलें जातें. अक्षर जुळतें, मुद्राहि जुळते. खुद्द राक्षसालाहि आपला मित्र फितला असें वाटूं लागतें. म्हणजे अक्षर खरें, मुद्रा खरी, आणि पत्र खोटें.

दोन्ही नाटकांतील भेद शिकण्यासारखा आहे. मलयकेतु परीक्षा करून फसला. ब्रूटसनें परीक्षाच केली नाहीं. विशाखदत्ताचें नाटक शोकान्त नाहीं, कारण तेथें शेवटीं एक निष्ठा खरी ठरते. चंदनदासाचा वध टाळण्यासाठीं राक्षस चंद्रगुप्ताचें मंत्रिपद पत्करतो; मित्रनिष्ठेच्या दारानें तो लोकहितांत शिरतो. ब्रूटस उलट्या वाटेनें जातो. तो लोकहिताच्या दारानें मित्राच्या घरांत शिरतो, आणि मागें वळण्यास वाट राहत नाहीं.

एकदां हें सूत्र हातीं आलें म्हणजे नाटकांतील इतर कागदहि बोलूं लागतात. आर्टेमिडोरसनें कटांतील माणसांचीं नांवें लिहून सीझरला दिलेला कागद हा नाटकांतील सर्वांत खरा कागद होय. प्लूटार्कच्या कथनांत सीझर तो हातांत घेतो व वारंवार वाचूं पाहतो, पण अर्जदारांच्या गर्दींत वाचणें साधत नाहीं. शेक्सपिअरचा सीझर मात्र, जें आपल्या स्वतःशीं निगडित आहे तें सर्वांच्या शेवटीं पाहूं, असें म्हणून तो बाजूस सारतो. सार्वजनिक कामापुढें खाजगी काम मागें टाकण्याचा जो बाणा ब्रूटसचा, तोच या क्षणीं सीझरचा. आणि त्यांतच सीझरचा घात होतो. खोटें पत्र वाचलें गेलें, खरें वाचलें गेलें नाहीं.

पुढें अँटनीच्या हातीं सीझरचें मृत्युपत्र येतें. दर नागरिकास ७५ द्राख्मा, आणि टायबर नदीकांठच्या बागा लोकांच्या उपयोगास. (प्लूटार्कच्या ग्रीक मजकुरांत बागा नदीपलीकडे आहेत, नॉर्थच्या इंग्रजींत त्या अलीकडे आल्या, आणि नाटकांतहि अलीकडेच राहिल्या. भाषांतराची चूक पिढ्यान्‌पिढ्या कशी चालते, याचा हा नमुना संग्राह्य आहे.) अँटनीची मित्रनिष्ठा खोटी नाहीं; सीझरच्या प्रेताजवळ तो एकटा असतां जो शोक करतो त्यांत दांभिकपणा नाहीं. पण चौथ्या अंकाच्या आरंभीं हाच अँटनी मृत्युपत्र आणावयास माणूस पाठवितो तें त्यांतील देणग्यांना कात्री कशी लावतां येईल हें पाहण्यासाठीं. आणि त्याच बैठकींत आपल्या भाच्याच्या नांवावर मृत्यूची खूण करतो. कागद अस्सल, उपयोग नासका. निष्ठा ही हेतु म्हणून लोकहिताहून शुद्ध, असा निष्कर्ष या नाटकांतून काढूं पाहणारांनीं एवढा प्रवेश अवश्य वाचावा.

रोमचा खरा आवाजहि नाटकांत ऐकूं येतो. सीझरवधानंतर ब्रूटस लोकांपुढें आपलें निवेदन करतो. त्यावर गर्दींतून उत्तर येतें तें असें कीं, यालाच सीझर करा. ज्या नगराच्या आज्ञेवरून एकसत्ता नष्ट केली, तें नगर प्रत्यक्ष बोललें तेव्हां त्यानें मारणाऱ्यासच ती देऊं केली. ब्रूटस हें ऐकतो, आणि पुढें जातो. घटका उलटते न उलटते तोंच त्याच लोकांनीं सिन्ना नांवाच्या एका निरपराध कवीस, कटांतील सिन्नाचें नांव व त्याचें नांव एक म्हणून, फाडून टाकलेलें असतें. नामसाम्यावरून दोन पुरुष एक करण्याचा दोष आमच्या शास्त्रांत सर्रास घडतो. रक्त तेवढें सांडत नाहीं.

चौथ्या अंकांतील पोर्शिआच्या मृत्यूचें प्रकरण संहितेच्या अभ्यासकांस विशेष मननीय आहे. १६२३ च्या पाठांत ही वार्ता दोनदां येते. प्रथम ब्रूटस स्वतःच कॅशिअसला पत्नीच्या मरणाचें दुःख सांगतो. थोड्याच वेळानें मेसाला येऊन विचारतो तेव्हां आपणांस कांहींच ठाऊक नाहीं असें ब्रूटस भासवितो, वार्ता जणूं नव्यानें ऐकतो, आणि अचल धैर्यानें सोसतो. मेसाला त्या धैर्याची प्रशंसा करतो. कित्येक संपादकांच्या मतें हे एकाच प्रसंगाचे दोन खर्डे असून, कवीनें एक रद्द केलेला असतां छापणारांनीं दोन्ही ठेविले. दुसरे म्हणतात, दोन्ही हेतुपुरःसर आहेत. पाठनिर्णय आम्ही सुज्ञांवर सोंपवितों. दोन्ही राहूं दिले तर मात्र जो ब्रूटस दिसतो तो आमच्या प्रतिपाद्यास जुळतो : मित्राजवळ दुःखानें व्याकुळ झालेला, आणि सैन्यापुढें त्याच दुःखाचें खोटें वाचन करणारा. लोकांपुढें उभें राहण्यासाठीं आपल्या घराचा मजकूर बदलण्याची संवय एकदां जडली म्हणजे ती सुटत नाहीं.

आतां मुख्य मुद्दा. ती पत्रें बनावट होतीं हें ब्रूटसला कधीं कळतें काय? नाटकांत कोठेंहि नाहीं. चौथ्या अंकांत कॅशिअस व ब्रूटस यांचें कडाक्याचें भांडण होतें. ब्रूटस कॅशिअसला लांचखाऊपणाबद्दल तोंडावर बोलतो, कॅशिअस छाती उघडी करून खंजीर पुढें करतो, दोघेहि रडकुंडीस येतात व पुन्हां एक होतात. मनांतील सर्व गरळ बाहेर पडते. त्या पत्रांविषयीं एक अक्षर निघत नाहीं. फिलिप्पीच्या रणांगणावर कॅशिअस तें गुपित बरोबर घेऊन मरतो. आणि शेवटीं, आत्महत्या करण्यापूर्वीं, ब्रूटस आपल्या सोबत्यांस सांगतो कीं, साऱ्या आयुष्यांत आपणाशीं बेइमान झालेला मनुष्य आपल्याला आढळला नाहीं, याचा आपणांस आनंद आहे.

हा उद्गारहि मूळचा प्लूटार्कचा आहे. तेथें ब्रूटस आपल्या मित्रांपैकीं कोणीं दगा दिला नाहीं म्हणून संतोष व्यक्त करतो, आणि तेथें तो संतोष साधार आहे. कारण तेथील चिठ्ठ्या लोकांच्याच होत्या. शेक्सपिअरनें उद्गार जवळजवळ तसाच ठेविला, पण पहिल्या अंकांत लिहिणारा हात बदलून ठेविला असल्यामुळें पांचव्या अंकांत त्या उद्गाराचा अर्थ उलटा झाला. प्रेक्षकांस ठाऊक आहे, बोलणाऱ्यास नाहीं. ज्याच्यासाठीं त्यानें एका मित्रास मारलें, तें दुसऱ्या मित्राचें कपट होतें. आणि तो दोघांच्याहि निष्ठेविषयीं निःशंक होऊन प्राण सोडतो. आमच्या मतें या नाटकाची करुणा येथें आहे. दोन कर्तव्यांच्या झगड्यांत मनुष्य मोडतो ही शोकान्तिका खरीच. परंतु तो झगडा एका खोट्या कागदावर उभा होता, हें न कळतांच तो मोडतो, ही त्याहून दारुण.

ब्रूटसविषयीं निवाडा देणारे दोन पक्ष फार जुने आहेत. डान्टेनें आपल्या महाकाव्यांत त्यास नरकाच्या तळाशीं, येशूस धरून देणाऱ्या ज्यूडासच्या पंक्तीस बसविलें; उपकारकर्त्याचा घात हें त्याच्या दृष्टीनें महापातक. लोकसत्तेच्या अभिमान्यांनीं उलट त्याच्या खंजिरास देव्हाऱ्यांत बसविलें. शेक्सपिअर दोहोंपैकीं कोणाचाहि नव्हे. शत्रूच्याच, म्हणजे अँटनीच्याच तोंडून तो ग्वाही देववितो कीं, कटांतील इतर सर्व मत्सरानें प्रेरित झाले होते, ब्रूटस एकटाच प्रामाणिकपणें सर्वांच्या हितासाठीं मिळाला. आम्ही ती ग्वाही पूर्ण मान्य करतों. पण हेतु शुद्ध असला म्हणजे पुरावा शुद्ध होत नाहीं. किंबहुना शुद्ध हेतूच्या मनुष्यास पुरावा तपासण्याची गरज सर्वांत कमी वाटते, आणि म्हणूनच कॅशिअसनें त्याची खिडकी निवडली.

हें आम्ही परक्याचा दोष म्हणून लिहीत नाहीं. बऱ्याच वर्षांपूर्वीं आमच्या हातीं एका गढीच्या बंदोबस्ताविषयींचें मोडी पत्र आलें. बंदोबस्त करणाऱ्या पुरुषाचें नांव कसरीनें खाल्लें होतें. आडनांवाचीं शेवटचीं दोन अक्षरें ‘कर’ एवढींच शिल्लक होतीं. महाराष्ट्रांत त्या दोन अक्षरांवर किती घराणीं हक्क सांगतील हें आम्हांस कळत नव्हतें असें नाहीं. तरी त्या गढीशीं आमच्या घराण्याचा संबंध असल्याचें लहानपणापासून ऐकलेलें. तेव्हां गळालेलीं अक्षरें आम्हीं आमचींच भरलीं, त्यावर एक टिपण रचलें, आणि जाणत्या मंडळींपुढें तें वाचलें. दोन वर्षांनीं एका स्नेही संग्राहकानें त्याच पत्राची समकालीन नक्कल पुढें ठेविली. तींत नांव पूर्ण होतें, आणि तें आमचें नव्हतें. आम्हीं चूक कबूल केली. पण तोंवर त्या टिपणाच्या आधारानें दोन वंशावळींत तो मजकूर शिरला होता, आणि आमच्या माहितीप्रमाणें तो आजहि तेथेंच आहे. आम्हांस कोणीं फसविलें नव्हतें. आमच्या खिडकींत कॅशिअस आला नव्हता. गाळलेली जागा होती, आणि मनांत एक नांव तयार होतें, तेवढें पुरलें.

त्या दिवसानंतर आम्हीं हें नाटक पुन्हां वाचलें, आणि दुसऱ्या अंकांतील ती उल्कांच्या उजेडांतली रात्र आम्हांस पहिल्यानेंच नीट दिसली. आमच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी हा लेख वाचील, तर त्यास आम्हीं पूर्वीं शिकविलेला अर्थ अपुरा होता असें समजावें. तागडी वर्णन करण्यापूर्वीं वजनें कोणाच्या टांकसाळींतलीं आहेत तें पाहावें, इतकी पुरवणी तो आपल्या वहींत जोडील तर आमचें ऋण फिटलें असें आम्ही मानूं. आमच्या वाचनांत जें सदोष असेल तें तज्ज्ञांनीं दाखवून द्यावें, आणि त्यासाठीं दिवा लावून वाचावें, अशी विनंति करून हा लेख येथें संपवितों.